नाकापेक्षा ग्राफिक कार्ड जड

हल्ली बऱ्याच घरांत एक गेमर चिरंजीव असतात. कॅबिनेटमध्ये सातव्या पिढीतला, दोन कोअरचा आय-३ प्रोसेसर आणि शेजारी बाबांच्या दिवाळी बोनसमधून आलेलं झगमगीत ग्राफिक कार्ड. गेम अडखळतो. चिरंजीव ग्राफिक्स 'लो'वर आणतात, तरी अडखळतोच. कारण कार्ड निम्म्या ताकदीवर जांभया देत बसलंय. शंभर टक्क्यांवर घाम गाळतोय तो प्रोसेसर: शत्रूंच्या हालचाली, गोळ्यांचा हिशेब, मागे उघडे ठेवलेले क्रोमचे टॅब आणि वर स्ट्रीमिंगचं एन्कोडिंग. प्रेक्षक दोन. त्यातली एक आत्या.

मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची वारी. तिथे कळतं की नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर चालत नाही. इंटेलने तर २०१७ साली आठव्या पिढीसाठी सॉकेटचं नाव ११५१च ठेवलं आणि जुने बोर्ड बाद केले! बोर्ड बदला, मग रॅम डीडीआर-५ घ्या. तेवढ्यात दुकानदार तुमच्या पॉवर सप्लायकडे बघून नुसती मान हलवतो. एएमडीच्या एएम-४ सॉकेटवाल्यांनी इथे खुशाल हसावं. २०१७च्या कित्येक बोर्डांवर बायॉस अपडेट करून २०२२चा ५८००एक्स३डी प्रोसेसर बसतो.

पण हा खर्च करण्याआधी स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर, ओबीएस, उघडा. एन्कोडर एक्स२६४वर असेल तर तो ग्राफिक कार्डातल्या एन्कोडरवर (एनव्हिडियाच्या कार्डात एन्व्हेंकवर) न्या. एन्कोडिंगचं ओझं प्रोसेसरवरून उतरतं, फुकटात. टॅबही बंद करा. एवढं करूनही गेम अडला, तरच पाकिटाला हात घाला.