दोन किलोवॉटचे अण्णा

संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ तोंडात टाकायच्या आत अण्णांनी माझं कोपर धरलं आणि मला हॉलबाहेर काढलं. बाहेर उणे दोन, अंगात माझ्या नुसता झब्बा. पार्किंगच्या टोकाला त्यांची पांढरी व्हॅन उभी होती. तिच्यापाशी नेऊन म्हणाले, "वाक."

वाकलो.

"ऐकू येतंय?"

येत होतं. व्हॅनच्या पोटाखालून टक्... टक्... टक्.

"मोज की. पूर्ण मिनिट मोज. बहात्तर भरतात का नाही सांग. निरोगी माणसाची नाडी आहे ही!"

आत हॉलमध्ये उखाणे चालले होते आणि मी इंग्लंडच्या जानेवारीत गुडघ्यावर हात ठेवून एका डिझेल हीटरची नाडी मोजत होतो. सत्तर भरले. अण्णा म्हणाले, "चुकलास. परत."

तुमच्याकडेही असे अण्णा असणारच. तुमचे कदाचित सोलरवाले असतील, किंवा गच्चीवरच्या गांडूळखताचे. आमच्या मंडळाच्या वाट्याला हीटरवाले आले. उभी हयात किर्लोस्करवाडीला पंपांत गेली, मग मुलगा इकडे स्थायिक झाला आणि त्याच्यामागून अण्णा-काकूही आले. आल्यावर वर्षभर ते गप्प होते, असं काकू सांगतात. मला ते खरं वाटत नाही. मग त्यांनी टपालखात्यातून निवृत्त झालेली एक फोर्ड ट्रान्झिट घेतली, आत फळ्या ठोकून पलंग केला, आणि हीटर मागवला. त्यानंतर ते गप्प बसल्याचा कुणाकडे पुरावा नाही.

हीटर चिनी. अस्सल जर्मन वस्तू परवडत नाही, पण तिचा इतिहास सांगायला पैसे पडत नाहीत. "वेबास्टो म्हणजे काय, माहितीये? विल्हेल्म बायर, गाव श्टॉकडॉर्फ. बायरचं बा, श्टॉकडॉर्फचं श्टो. १९०१ सालची कंपनी! आपलं महाबीज नाही का, तसलंच." हे मी चौदा वेळा ऐकलं आहे. अण्णांच्या हीटरच्या खोक्यावर पाच किलोवॉट लिहिलंय, अंगावरच्या स्टिकरवर आठ, आणि आत, अण्णांच्या मते, दोन. "आपल्याकडं पण रोखीत एक, चेकमध्ये एक असतंच की," असं म्हणून त्यांनी त्या चिनी माणसाला माफ करून टाकलं.

बसवायच्या दिवशी बॅटरी धरायला मी होतो. व्हॅनच्या लोखंडी तळाला भोक पाडायचं, तर आधी खाली सरपटून बघायचं असतं की तिथे डिझेलची टाकी, ब्रेकची नळी, वायर काही नाही ना. अण्णांनी तीनदा बघितलं, खडूने फुली मारली, गोल करवत लावली आणि पहिलं भोक बरोब्बर खालच्या आडव्या पट्टीवर पाडलं. दुसरं बरोबर पडलं. कापलेल्या कडांना गंजू नये म्हणून लाल रंग लावताना ते म्हणाले, "मर्क्युरोक्रोम." तिथून त्यांच्या वैद्यकीला जी सुरुवात झाली ती अजून चालू आहे.

खरं तर यंत्र साधं आहे. बाहेरची हवा खालून एका नळीने ओढायची, बंद डब्यात डिझेल जाळायचं, धूर दुसऱ्या नळीने खालीच सोडून द्यायचा. व्हॅनमधली हवा त्या तापलेल्या डब्याच्या अंगावरून पंख्याने फिरवायची. आतल्या हवेला धुराचा स्पर्श नाही, म्हणून ऊब कोरडी. गॅसची शेगडी पेटवून बसलात तर गॅस जळताना पाण्याची वाफ होते आणि पहाटे काचेवरचं पाणी पांघरुणावर ठिबकतं. हे सगळं मला चार वाक्यांत सांगता आलं. अण्णांना चार तास लागतात, कारण मध्ये पंप येतो.

पंप म्हणजे बोटाएवढी नळकांडी. ती आडवी लावायची नाही. बाहेर पडायचं तोंड वर करून तिरकी टांगायची, म्हणजे डिझेलमधला हवेचा बुडबुडा पुढे निघून जातो. आडवी लावली तर तो तिथेच बसून राहतो. "चहा पिऊन झाला तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखा," असं सांगून अण्णा आमच्याकडे तिसरा चहा घेतात. पंपाच्या एका ठोक्याला दोन शतांश मिलीलिटरच्या आसपास डिझेल पुढे जातं. ज्या माणसाने कृष्णाकाठच्या उसाला पाणी चढवणारे पंप बनवले, तो आता हे थेंब मोजतो, आणि तेवढ्याच गांभीर्याने.

हीटर पहिल्यांदा पेटवला तेव्हा दोनदा विझला. डिझेल पेटवणारा ग्लो प्लग तापताना बॅटरीतून आठ-दहा अँपिअर खेचतो, तेव्हा अण्णा स्वतः श्वास रोखून धरतात, जणू तेवढीच वीज वाचेल. तिसऱ्यांदा पेटला, पण आधीच्या दोन खेपांचं न जळलेलं डिझेल आत साचलेलं. पांढऱ्या धुराचा असा लोट निघाला की गल्ली दिसेना. "कफ!" अण्णा आनंदाने ओरडले. "पांढरा म्हणजे कफ. काळा आला तर पित्त, म्हणजे हवा कमी पडतीय." शेजारच्या इंग्रज आजी कुंपणापाशी आल्या आणि अत्यंत अदबीने विचारत्या झाल्या, "आज तुमचा काही सण आहे का?" अण्णा हो म्हणाले.

एकदा वैद्यकी सुरू झाली की पथ्यंही आली. हीटर सतत मंद ठेवला तर आत काजळी धरते, म्हणून दर रविवारी अर्धा तास पूर्ण जोरात चालवायचा. याला अण्णांच्या घरी 'रविवारचं एरंडेल' म्हणतात. बंद करताना बटण दाबायचं आणि थांबायचं. आग विझली तरी आतला पंखा काही मिनिटं फिरत राहतो, डबा निववतो. मधेच वीज तोडली तर डबा आतल्या आत करपतो. मी एकदा चुकून मुख्य स्विचला हात घातला, तेव्हा या गृहस्थांनी मला, सासूच्या वयाच्या बायकांदेखत, "खुनी" म्हटलं. स्वतः मात्र रक्तदाबाची गोळी चुकवतात. डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की गुडघा दुखायचा थांबतो. एका बाबतीत ते थट्टा चालू देत नाहीत. उशाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे, तो रोज रात्री दाबून, किंचाळला की मगच झोपायचं. धुराच्या नळीचं तोंड दारापासून आणि खिडकीपासून लांब. "वास येत नाही त्याला. झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो," एवढंच म्हणतात, आणि त्या वेळी आवाज वेगळा असतो.

आता एवढं सगळं करून व्हॅन जाते कुठे? आत नकाशा लावलाय, त्यावर स्कॉटलंडातल्या ग्लेनकोला लाल टाचणी आहे. दोन हिवाळ्यांत व्हॅन मंडळाच्या हॉलपर्यंत तीनदा गेली. मी याची भरपूर टवाळी केली. दिवाळी अंकात छापून आणायचंही ठरवलं होतं.

मग एका रात्री त्यांचा ड्रिल परत करायला गेलो. घरात दिवे बंद. दारातल्या व्हॅनमध्ये उजेड आणि टक्... टक्. आत अण्णा बनियनवर, चष्मा नाकावर, जुना 'किर्लोस्कर' अंक वाचत. आत सव्वीस अंश. मी म्हटलं, "घरात का नाही बसत?"

"घरात अठरा असतंय."

२०२२ च्या एप्रिलमध्ये इथली वीज-गॅसच्या दराची कमाल मर्यादा एका फटक्यात ५४ टक्क्यांनी वाढली, तेव्हा मुलाने घराचा थर्मोस्टॅट फोनवर घेतला. मुलगा वाईट नाही, हप्ते त्याच्या डोक्यावर आहेत. अण्णांनी एकदा भिंतीवरची ती गोल चकती फिरवली. मुलाच्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये फोन वाजला: घरात कुणीतरी तापमान बदललंय. "कुणीतरी," अण्णा म्हणाले, आणि अंकाचं पान उलटलं. मग हात लांब करून हीटरचं बटण अर्धा अंश वर केलं. खाली टकटक किंचित वेगाने व्हायला लागली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ऐकू आलं ना या अर्थी. मी मान हलवली.

लेख राहिला. जानेवारीत आमचा बॉयलर बसला, दुरुस्तीवाला चार दिवसांनी येणार. मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोने काकूंना सांगितलं असणार. तासाभरात पांढरी व्हॅन उलटी येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकली. अण्णांनी आधी ओला हात वर करून वारा बघितला, धूर घराकडे येत नाही याची खात्री केली, मग उबेची जाड नळी पुठ्ठ्यातून खिडकीत घातली, फटी चिकटपट्टीने बुजवल्या आणि अलार्म आमच्या फ्रिजवर ठेवला. पोरं नळीपुढे हात धरून बसली. अण्णा रात्री व्हॅनमध्येच झोपले. घरात या म्हटलं तर म्हणाले, "पेशंट सोडून?"

पहाटे तीनला मला जाग आली. टकटक बदलल्यासारखी वाटली. आधी अंथरुणातूनच कान दिला, मग कोट चढवला आणि बाहेर जाऊन वाकलो. बर्फाळ जमीन, व्हॅनचं काळं पोट, आणि ते चालूच होतं.

आतून झोपाळलेला आवाज आला, "किती?"

"शंभराच्या आसपास, अण्णा."

"आसपास काय आसपास? पूर्ण मिनिट मोज."

मी बाही मागे केली, घड्याळाचा काटा बारावर यायची वाट बघितली, आणि एकपासून सुरुवात केली.