गुप्त फाइलींचे जाहीर संरक्षण

लॅपटॉपवरील खासगी कागदपत्रे सुरक्षित ठेवण्याची आपल्याकडील सर्वमान्य पद्धत नवशिक्यांसाठी क्रमवार देत आहोत.

१. नामकरण : फोल्डरला 'पर्सनल – उघडू नये' असे नाव द्यावे. चोराचा शोधाशोधीतला वेळ वाचतो. मग तो फोल्डर 'हिडन' करावा. तो पुन्हा दिसता करायला एक टिचकी पुरते, पण तेवढे कष्ट तरी चोराला पडलेच पाहिजेत.

२. पासवर्ड : आपली जन्मतारीख उत्तम; चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागत असल्यास सर्वोत्तम. याला शासकीय दाखलाही आहे. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल. आपले नाव-वय ठाऊक नसलेल्या चोरापासून याने पूर्ण संरक्षण मिळते.

३. लॉगिन : विंडोजला पासवर्ड घातला की काम झाले, असे मानावे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडताच सगळे वाचता येते. पण त्यासाठी स्क्रूड्रायव्हर लागतो आणि तो आपल्याला घरात वेळेवर कधीच सापडत नाही. चोरालाही सापडणार नाही, अशी श्रद्धा ठेवावी.

४. एन्क्रिप्शन : कोणी फारच भरीस घातले, तर सेव्हन-झिप या फाइली दाबून बांधणाऱ्या प्रोग्राममध्ये एईएस-२५६ वापरावे. दोन बेल्जियन तज्ज्ञांनी घडवलेली ही पद्धत अमेरिकेने २००१ साली प्रमाण ठरवली. तिच्या संभाव्य किल्ल्यांची संख्या ७८ अंकी भरते. एवढे भक्कम कुलूप लागल्यावर मूळ फाइल डेस्कटॉपवर तशीच राहू द्यावी, अधूनमधून लागते. पासवर्ड कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावा. आत्याच्या 'शुभ सकाळ'खाली तो दुपारपर्यंत गाडला जातो.

५. रिकव्हरी की : विंडोजमधला डिस्क एन्क्रिप्ट करणारा बिटलॉकर अडल्यावेळी डिस्क उघडण्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की देतो. तिचा फोटो काढून त्याच लॅपटॉपमध्ये जपावा.

ज्यांना ही परंपरा मोडायचीच आहे, त्यांनी एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा शब्दांचा लांब पासवर्ड घ्यावा आणि तो दुसरीकडे कुठेही वापरू नये. अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करावी. रिकव्हरी की कागदावर उतरवून घराच्या खरेदीखताशेजारी ठेवावी. सेव्हन-झिप मात्र अशी कीसुद्धा देत नाही. तिथला पासवर्ड विसरलात, तर फाइल चोराइतकीच तुम्हालाही बंद.