शनिवारी रात्री सूनबाई जाते कुठे?

"तुला म्हणून सांगते," अशी काकूंची सुरुवात झाली की समजायचं, बातमी खेरवाडीपर्यंत जाऊन आलेली आहे. वांद्रे पूर्वेला आमच्या आणि त्यांच्या सोसायटीमध्ये कमरेइतकी भिंत आहे. पलीकडून भिंतीवर काकूंची कोपरं, अलीकडे माझा कढीपत्ता. दोन टहाळ्या हातात पडल्याशिवाय काकूंचं तोंड उघडत नाही आणि उघडलं की कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी मिटत नाही.

या वेळी विषय मीच काढला. शनिवारी रात्री अकराला त्यांची सून पाठीला सॅक लावून रिक्षात बसताना आमच्या पहिल्या मजल्यावरच्यांनी पाहिली होती. रविवारी सकाळी दुधाच्या पिशव्या घेऊन परत येतानाही पाहिली होती. त्यावरून त्यांनी जो अर्थ लावला, तो काही मी काकूंना सांगितला नाही. नुसतं विचारलं, "सूनबाईंची नाइट शिफ्ट सुरू झाली वाटतं?"

"शिफ्ट कसली डोंबलाची! पॅच मारायला, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती बसवायला, गेली होती बीकेसीतल्या ऑफिसात."

"रात्री अकराला?"

"मग काय दुपारी बाराला मारणार? लॉगिन बंद करावं लागतं त्यासाठी. दिवसा बंद केलं तर सगळं ऑफिस हातावर हात ठेवून बसेल."

काकूंनी उभी हयात एका सहकारी बँकेत कॅशवर काढली. त्यामुळे सुनेचं काम त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळतं आणि ते मला समजावून सांगण्यात त्यांना भलताच रस असतो. त्यांनी सांगितलं ते असं. मोठ्या ऑफिसात प्रत्येक कामाला वेगळा पासवर्ड नसतो. सकाळी आलं की एकाच ठिकाणी नाव-पासवर्ड टाकायचा. तिथे ओळख पटली की मेल, पगारपत्रक, गिऱ्हाइकांची खाती, ज्याला जेवढी मुभा तेवढी दारं उघडतात. कोण नवीन आलं, कोण सोडून गेलं, कुणाचे अधिकार काढले, सगळा हिशेब त्या एका सॉफ्टवेअरकडे.

"आणि त्यातच भोक!" काकू म्हणाल्या.

"म्हणजे पासवर्ड चोरता येतो?"

"पासवर्ड लागतच नाही, हीच तर मेख आहे. तुमचा गेटवरचा वॉचमन धर. त्याचं काम काय? नाव विचारायचं, वहीत लिहायचं, वर इंटरकॉम लावायचा, मग सोडायचं. खणात त्याच्या पंप रूमची, गच्चीची, मीटर रूमची किल्ली. आता समज, एक अनोळखी माणूस आला. 'आत सोड' म्हणालाच नाही. नुसती चिठ्ठी पुढे केली, 'गच्ची उघड, टाकी रिकामी कर, किल्ल्यांच्या नकला करून मला दे.' आणि वॉचमनने ती वाचून निमूट सगळं केलं! माणूस गेटबाहेरच. गेटबाहेर तरी कशाला, ठाण्यात नाहीतर थायलंडमध्ये बसलेला. याला म्हणतात रिमोट कोड एक्झिक्युशन. आमची नुसतं आरसीई म्हणते. आरसीई म्हटलं की तिचा चहा तसाच राहतो."

ऑफिसात नेमकं कुठलं सॉफ्टवेअर आहे, ते सूनबाई घरी सांगत नाही. नवऱ्यालाही नाही. पण त्याच जातीचं एक प्रकरण पेपरात येऊन गेलेलं, त्यावर बोलायला तिला बंदी नाही. ते ओरॅकलच्या आयडेंटिटी मॅनेजरचं. सर्चलाइट सायबर या कंपनीच्या लोकांनी त्यातलं भोक शोधलं. धोक्याला दहापैकी मार्क देतात, त्यात याला ९.८ पडले.

"दहापैकी दहा का नाही?" मी उगाच विचारलं.

"मीही विचारलं. त्या सॉफ्टवेअरच्या हद्दीबाहेरही थेट नासधूस होत असेल तरच दहा देतात म्हणे. आम्हाला शाळेत ९.८ पडले असते तर पेढे वाटले असते, इथे ९.८ पडले की रात्रभर जागावं लागतं."

त्या भोकातून शिरायची युक्ती ऐकून मात्र मी हातातली टहाळी भिंतीवरच ठेवली. मशीनला विनंती पाठवायची ती एका पत्त्यावर. त्या पत्त्याच्या शेवटी अर्धविराम, टिंब आणि डब्ल्यू-ए-डी-एल ही चार अक्षरं चिकटवायची. बस्स. ज्यांच्या शेवटी ही अक्षरं ते पत्ते नुसत्या माहितीपत्रकाचे, तिथे ओळखपत्र मागायचं नाही, असं पहाऱ्याला शिकवलेलं. पहारा बाजूला झाला. आत एक सोय होती: कुणी ग्रूवी भाषेत लिहिलेला कोड दिला तर तो व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे का, एवढंच तपासून सांगायचं, चालवायचा नाही. शोधणाऱ्यांनी असा कोड लिहिला की तपासता तपासताच त्यातला काही भाग चालतो.

"म्हणजे वॉचमनला सांगितलंय, चिठ्ठीतलं शुद्धलेखन फक्त बघ," काकू म्हणाल्या, "आणि हा बाबा वाचता वाचता उठून गच्ची उघडतोय!"

ओरॅकलने दुरुस्ती दिली २१ ऑक्टोबर २०२५ रोजी. तारखेवरून काही आठवतंय का, म्हणून काकूंनी भुवया उडवल्या. मला नाही आठवलं.

"लक्ष्मीपूजन! अख्खी बीकेसी बत्ताशे आणि लाह्या घेऊन घरी. त्यापुढे पाडवा, भाऊबीज, मग जोडून सुट्ट्या. अमेरिकेला काय त्याचं? त्यांचं वेळापत्रक आधीच ठरलेलं, तीन-तीन महिन्यांनी दुरुस्त्यांचा गठ्ठा येतो. नोव्हेंबरच्या विसाव्या तारखेला शोधणाऱ्यांनी सगळी हकीकत जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सायबर खात्याने, सिसाने, सांगितलं की चोर हे भोक प्रत्यक्षात वापरताहेत, आमच्या सरकारी कार्यालयांनी १२ डिसेंबरपर्यंत बुजवावं. आणि पुढचं ऐक. हकीकत जाहीर झाल्यावर लोकांनी जुन्या नोंदी उकरल्या, तर ३० ऑगस्ट ते ९ सप्टेंबरच्या दरम्यान कुणीतरी त्याच शेपटीचे पत्ते ठोकून बघत होतं. दुरुस्ती यायच्याही आधी. आपल्याकडे गौरी-गणपती चाललेले तेव्हा."

मला वाटलं, हे सगळं सातासमुद्रापारचं. तसं मी म्हटलंही. काकूंना तेच हवं होतं.

"सातासमुद्रापार? २०२१ मध्ये असंच झालं ते आपल्या चेन्नईच्या झोहो कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये. पासवर्ड विसरलेल्या माणसाने आयटीवाल्याच्या मागे न लागता स्वतःच बदलून घ्यावा, यासाठी त्यांचं एक सॉफ्टवेअर आहे, एडीसेल्फसर्व्हिस प्लस. जगभरच्या ऑफिसांत वापरतात. त्यात काय निघालं? पुन्हा पत्ताच! दोन तिरक्या रेघांच्या मध्ये एक टिंब. पहारा अक्षर अन् अक्षर जुळवून बघायचा. टिंब आलं की त्याला वाटायचं हा पत्ता वेगळा, आणि आतल्या यंत्रणेला मात्र तो तोच वाटायचा. टिंबाएवढ्या फटीतून चोर आत."

आत गेल्यावर त्यांनी काय केलं, तेही काकूंना पाठ होतं. सुरक्षा प्रमाणपत्राच्या फायलीचं सोंग घेतलेली एक फाईल ठेवून दिली. वरून दिसायला कायदेशीर कागद, आतून चोरांसाठी कायमचा मागचा दरवाजा. दुरुस्ती झोहोने ६ सप्टेंबर २०२१ रोजी दिली. दहा दिवसांनी, १६ तारखेला, एफबीआय, सिसा आणि अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा सायबर विभाग, तिघांनी मिळून जाहीर इशारा दिला. याहून मोठ्याने कोण ओरडणार?

तरीही ९ नोव्हेंबरला त्याच भोकातून चोर शिरले, आणि ते कुणाकडे? जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीकडे. कळलं १८ जानेवारी २०२२ रोजी. सत्तर दिवस माणसं आत फिरत होती आणि घरच्यांना पत्ता नाही. गेलं काय? युद्धात, पुरात, पळापळीत ज्यांची ताटातूट झाली त्यांची घरच्यांशी गाठ घालून द्यायचं काम रेडक्रॉस करते. त्यातल्या ५ लाख १५ हजारांहून जास्त माणसांची माहिती. साठ देशांच्या संस्थांनी गोळा केलेली. रेडक्रॉसला ती यंत्रणाच बंद करून ठेवावी लागली. म्हणजे आई पोराला शोधतेय आणि शोधून देणाऱ्यांचीच वही मिटलेली.

एक मात्र मानलं पाहिजे. रेडक्रॉसने लपवाछपवी केली नाही. दुरुस्ती उपलब्ध होती, आम्ही ती वेळेत बसवली नाही, त्यातूनच ते आले, असं त्यांनी जाहीरपणे लिहून टाकलं. आपल्याकडे असं काही झालं की "तांत्रिक अडचणीमुळे सेवा काही काळ बंद" एवढी एक पाटी लागते.

"पाटीवरून आठवलं," काकू म्हणाल्या. "मागे एकदा मी सोडे घेतले आणि पैसेच जाईनात, तो दिवस आठवतो?"

कसा विसरेन! ३१ जुलै २०२४. श्रावण तोंडावर आलेला, गटारी रविवारी. काकूंनी सोडे निवडून, घासाघीस करून, वाटा बांधून घेतला होता. पैसे त्यांच्या नेहमीच्या छोट्या बँकेच्या खात्यातून यूपीआयने द्यायचे, तर फोनवर गोल गोल फिरतंय नुसतं. मासळीवाली म्हणाली, "म्हातारे, फोन बदल." काकूंना म्हातारे म्हटलेलं अजून झोंबतं. पैसे मी दिले, ते परत आलेले नाहीत, पण तो विषय वेगळा.

त्या दिवशी झालं होतं असं की, छोट्या बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाला. स्टेट बँक आणि टीसीएसची ही संयुक्त कंपनी. तिच्यावर सुमारे तीनशे सहकारी आणि ग्रामीण बँका अवलंबून. यूपीआय चालवणारी एनपीसीआय बसते आपल्याच बीकेसीत. तिने लागण पसरू नये म्हणून सी-एजला तेवढ्यापुरतं तोडून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडलं. नंतर क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने छडा लावला, तर सुरुवात सी-एजकडे नव्हतीच. सी-एजबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीच्या जेनकिन्स सर्व्हरवरून चोर शिरल्याचं क्लाउडसेकच्या अहवालात आलं.

"ते लॉगिनचं नव्हे हं," काकूंनी बजावलं. "जेनकिन्स म्हणजे प्रोग्रॅम बांधून तयार करण्याचं सॉफ्टवेअर. पण खोड तीच. ईमेलमध्ये असतं ना ते ॲट? ते चिन्ह आणि पुढे फाईलचं नाव लिहिलं की ती फाईल वाचून दाखवायचं बापडं. यालाही ९.८. दुरुस्ती आली होती २०२४ च्या जानेवारीत. माझे सोडे अडले जुलैअखेर. मोज महिने."

आता मला खरंच राग आला. म्हटलं, "काकू, दुरुस्ती फुकट, घरबसल्या मिळते, सगळं जग ओरडून सांगतंय, तरी बसवत नाहीत म्हणजे निव्वळ आळस नाही का हा?"

"आळस नाही गं बाई. तुला ऑफिस माहीत नाही." काकूंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आमच्या सुनेने दुरुस्ती आली त्याच आठवड्यात अर्ज टाकला होता. बंद करायला चार तास द्या म्हणून. पगाराचा आठवडा म्हणून नाही म्हणाले. मग ऑडिट. मग कुणी मोठे साहेब परदेशातून येणार होते, त्यांचं लॉगिन झालं नाही तर? ज्याच्यावाचून कुणाचंच पान हलत नाही, त्यालाच हात लावायला कुणी देत नाही. शिवाय पॅच मारल्यावर दुसरंच काही बिघडलं तर खापर हिच्या डोक्यावर. भोकातून चोर आला तर खापर चोराच्या डोक्यावर. साहेबाने कुठली बाजू धरावी?"

हे मला पटलं. इतकी वर्षं आपण "अपडेट केलं नाही" म्हणून आयटीवाल्यांना शिव्या घालतो. त्यांनी परवानगी कितीदा मागितली होती, हे कुणी विचारत नाही.

"शेवटी मिळाला शनिवार?"

"मिळाला. आधी सगळ्याची कॉपी काढली, मग बंद केलं, पॅच मारला, तर एक जुना सर्व्हर उठेचना. पहाटे चारला उठला. मग महिनाभराच्या नोंदी चाळत बसली, आधीच कुणी शिरून बसलंय का बघायला. पॅच मारला म्हणजे दार बंद होतं, आत आलेला पाहुणा काही बाहेर जात नाही. नशीब, कुणी नव्हतं. सोमवारी नऊला सगळ्यांनी लॉगिन केलं आणि कुणाला काही कळलंसुद्धा नाही."

"मग साहेब खूश?"

"साहेब? साहेब म्हणाले, काहीच झालं नव्हतं तर रात्रभर एवढं केलंत काय?"

"अगंबाई! आणि ती गप्प बसली?"

"ती कसली गप्प बसते. रविवारच्या बदल्यात एक सुट्टी मागितली."

"दिली?"

"पोर्टलवर लॉगिन करून अर्ज टाका म्हणाले."