मुंबईदाखवे दाजी

परीक्षा संपल्या, बाजारात आंबा उतरला, की डोंबिवलीत पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो. कुणी लग्नाला येतं, कुणी मुलाखतीला, कुणी मोठ्या डॉक्टरला रिपोर्ट दाखवायला. त्यांच्याबद्दल आपली काही तक्रार नाही. बिचारे काम उरकतात, चहा घेतात आणि परत जातात. तक्रार आहे ती पोराला मुंबई दाखवायला येणाऱ्या बापाबद्दल. तो कुणाचा आत्येभाऊ असतो, कुणाचा साडू. आमच्याकडे तो दाजींच्या रूपाने येतो. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस, भल्या पहाटे कल्याण. दाजींच्या एका खांद्यावर बॅग, दुसऱ्यावर झोपलेले चिरंजीव आणि मागे कडक भाकरी, शेंगाचटणी नि चादरी सांभाळत आमची ताई.

दाजींच्या शर्टाच्या खिशात यादी असते. ती त्यांनी केलेली नाही. घर, शेत आणि भावकीतल्या भांडणाबरोबर ती त्यांच्याकडे वारशाने आली. ते पहिलीत असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना मुंबई दाखवली होती. तेव्हा जे पाहिलं ते आणि तेवढंच, त्याच क्रमाने पोराला दाखवायचं असा त्यांचा निश्चय. राणीची बाग, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय, डबल डेकर, गेटवे आणि शेवटी चौपाटीवर भेळ. मधल्या काळात मुंबईने स्वतःत काही बदल केले असतील तर ते दाजींची परवानगी न घेता केलेले आहेत. मत्स्यालय कोरोनात बंद झालं हे मी सांगितलं, तेव्हा तिथले मासे मीच खाल्ल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले.

डबल डेकरचंही तेच. जुन्या डिझेलवाल्या गाड्या 2023 च्या सप्टेंबरात निवृत्त झाल्या, आता विजेवर चालणाऱ्या एसी गाड्या आहेत. दाजी धावत वरच्या मजल्यावर गेले, पुढची जागा पटकावली आणि काच सरकवायला लागले. काच सरकण्यासाठी नव्हतीच. “वारंच लागत नाही, मग वर कशाला बसायचं?” असं म्हणून ते पूर्ण प्रवासभर फसवणूक झालेल्या ग्राहकासारखे बसले. चिरंजीवांनी मात्र एसीच्या झोताखाली तोंड धरून दोन्ही डोळे मिटून घेतले होते. बाहेर मुंबई चालली होती.

या बापाला मुंबईची ओढ जितकी, तितकीच धास्ती. मुंबईत पोरं हरवतात, हे त्याने जुन्या सिनेमांतून पक्कं शिकून घेतलेलं असतं. त्यामुळे निघण्यापूर्वी सोलापुरातच घोकंपट्टी झाली होती. “कुणी विचारलं तर काय सांगशील?” म्हटलं की चिरंजीव ताठ उभे राहून संपूर्ण नाव, पेठ, घर नंबर, बाबांचा मोबाइल आणि “वय पाच वर्षं पूर्ण” असं एका दमात म्हणून दाखवायचे. आमच्या वॉचमनला म्हणून दाखवलं, दूधवाल्याला म्हणून दाखवलं, लिफ्टमध्ये भेटलेल्या सातव्या मजल्यावरच्या काकूंना तर दोनदा.

पहिल्याच दिवशी दाजींनी सकाळी आठची फास्ट पकडायची ठरवली. मी म्हटलं, “दाजी, दहानंतर निघा. गर्दी ओसरू दे.” त्यावर ते म्हणाले, “अहो, गर्दीपण दाखवायचीय की त्याला.” आता यावर काय बोलणार? ताई शहाणी, ती लेडीज डब्याकडे वळली आणि “त्याला माझ्याकडे द्या” म्हणाली. पण मुंबई बापाने दाखवायची असते. डोंबिवलीहून फास्ट लोकल सुटते तेव्हा डब्यात हवेलासुद्धा उभं राहावं लागतं. पोराला दिसल्या त्या फक्त माणसांच्या पँटी आणि पट्ट्यांची बक्कलं. ठाण्याच्या पुढे खिडकीतल्या एका गृहस्थाने, काही न विचारता, न बोलता, वर्तमानपत्राची घडी घातली आणि पोराला उचलून मांडीवर घेतलं. घाटकोपर सुटल्यावर मांडीवरून आवाज आला, “बाबा, शू.”

लहान पोराला शहर दाखवायचं म्हणजे खरी माहिती लागते ती एवढीच, आणि दाजींच्या यादीत ती कुठेही नव्हती. ताईला मात्र दादरपासून कुलाब्यापर्यंत कुठे स्वच्छ सोय आहे, कुठे सुट्टे लागतात, कुठे नळाला पाणी नसतं, हे सगळं पहिल्या संध्याकाळपर्यंत पाठ झालं होतं. माझ्या मते तीच मुंबई पाहून गेली. पण तिला कुणी विचारलं नाही.

दादरला पुलावर टीसीने हटकलं. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच झाली की अर्धं लागतं. दाजींनी चेहरा शक्य तितका निरागस करून सांगितलं, “लहान आहे हो अजून, पाच व्हायचेत.” टीसीने खाली वाकून प्रेमाने विचारलं, “नाव काय बाळा तुझं?” चिरंजीव ताठ उभे राहिले. नाव झालं, पेठ झाली, घर नंबर झाला, मोबाइल झाला. दाजींनी “बास, बास” म्हणून पाहिलं. पण पाठांतर मध्येच थांबत नसतं. दंडाची पावती त्यांनी यादीच्या कागदातच घडी करून ठेवली.

गेटवेला दाजी रंगात येतात. इतिहास हा त्यांचा प्रांत. “बघ बे, 1911 साली इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज इथं बोटीतनं उतरला. त्याच्या स्वागताची आठवण म्हणून ही कमान. 1924 ला पुरी झाली.” चिरंजीव कबुतरांमागे धावता धावता थांबले. “मग राजा आला तेव्हा दार नव्हतं?” “नव्हतं.” “मग तो कुठून आत आला?” दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं. फेब्रुवारी 1948 मध्ये इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून निघून गेली. म्हणजे येताना दार नव्हतं आणि जाताना होतं, ही गंमत त्या पोराने मला पहिल्यांदा दाखवली.

समुद्रापुढे तर बापाची खरी परीक्षा. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर पोराला उभं करून, मागून घट्ट धरून, दाजी त्याच्या तोंडून “अबब” निघण्याची वाट बघत राहिले. बराच वेळ निरीक्षण करून पोराने विचारलं, “उजनीपेक्षा मोठा आहे का?” दाजी घुटमळले. सोलापूरकराच्या तोंडून उजनी धरण लहान आहे असं वाक्य सहजासहजी निघत नाही. शेवटी म्हणाले, “मोठा आहे, पण पाणी खारट.” पोराचं समाधान झालं आणि ते खालचे सिमेंटचे तिकोनी दगड कुणी आणून टाकले याच्या चौकशीला लागलं.

म्हातारीच्या बुटात मोठ्यांनी शिरायचं नसतं. दाजी तरी वाकून शिरले आणि शिटी ऐकून बाहेर आले. याहून जास्त तिथे काही घडलं नाही.

सीएसएमटीची इमारत म्हणजे फ्रेडरिक स्टीव्हन्सचं काम, 1888 साली पूर्ण, 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत. हे सगळं दाजींनी समोरच्या फुटपाथवर उभं राहून सांगितलं आणि पोराने त्यातलं काहीही ऐकलं नाही. कारण फाटकाच्या खांबांवर त्याला एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ दिसला होता. सिंह इंग्रजांचा, वाघ आपला. “भांडण झालं तर कोण जिंकणार?” यावर मात्र बापलेकांत तिथेच दहा मिनिटं खरीखुरी चर्चा झाली. इतक्या दिवसांत त्या दोघांना एकच गोष्ट दिसल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं.

राणीच्या बागेत गेले तो नेमका बुधवार. बुधवारी बाग बंद. फाटकाला लावलेल्या पाटीसमोर दाजींनी मुंबई महापालिकेला उद्देशून सोलापुरी भाषेत जे काही म्हटलं ते इथे देता येत नाही. गुरुवारी पुन्हा गेले. दक्षिण कोरियातून 2016 साली आलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांच्या थंडगार काचघराची रांग संपवून आत पोचल्यावर पोराने विचारलं, “पेंग्विनला एसी आहे, मग आजोबांना का नाही?” मे महिन्यातलं सोलापूर ज्याने पाहिलंय त्याला हा प्रश्न पटेल.

निघायच्या आदल्या रात्री सोलापुरात आजीला व्हिडिओ कॉल लागला. “काय काय बघितलंस रे सोन्या?” चिरंजीव सांगू लागले: मामाच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट आहे, सगळी बटणं दाबली तर ती सगळीकडे थांबते. दादरला चालणारा जिना आहे, आईबरोबर खूप वेळा वर गेलो, बाबा पहिल्या पायरीला घाबरतात. एका दुकानात मांजर गल्ल्यावर झोपतं. टीसीकाकांना मी सगळं न चुकता सांगितलं. दाजी मागून कळवळून ओरडत होते, “गेटवे सांग की बे! गेटवे!” पोराने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “हां, आणि एक दार आहे. राजा गेल्यावर लावलं.”

एवढ्यावर हा बाप खचतो असं समजू नका. याची चिकाटी जबर असते. परवाच फोन आला. पुढच्या सुट्टीत धाकटीला मुंबई दाखवायची आहे. यादीत तारापोरवालावर काट मारून त्या जागी घारापुरी घातली आहे, गेटवेवरून लाँचने. गाडीचं रिझर्व्हेशन झालंय, वारही ठरलाय, सोमवार.

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात.