हयातीचा दाखला

निवृत्तिवेतन घेणाऱ्या गृहस्थास दर नोव्हेंबर महिन्यात आपण हयात असल्याचा दाखला रुजू करावा लागतो, आणि तो वेळेवर पोहोचला नाही तर सरकार फार तर त्याचे वेतन अडकवून ठेवते, त्याच्या जिवावर उठत नाही. सर्व्हरांच्या क्लस्टरमध्ये हाच कायदा पुष्कळच कडक करण्यात आलेला आहे. आमच्या संस्थेत ‘हार्टबीट’ नावाचा प्रोग्रॅम होता. अ‍ॅलन रॉबर्टसन या गृहस्थांनी १९९८ च्या सुमारास लिनक्ससाठी लिहावयास घेतलेला हा प्रोग्रॅम दोन यंत्रांवर बसवला की, ती यंत्रे दर दोन सेकंदांनी एकमेकांकडे आपल्या हयातीचा दाखला धाडीत राहतात. आणि त्यांपैकी एक तीस सेकंद गप्प बसले की दुसरे त्यास मृत ठरवून त्याचा पत्ता, त्याची डिस्क व त्याची सारी कामे आपल्या ताब्यात घेते, आणि मृत इसम मागाहून उठून बसला तर वारसाहक्काचा तंटा उपस्थित होईल, या दूरदृष्टीने तत्पूर्वीच त्याची वीजही तोडून टाकते. या अखेरच्या विधीस ‘स्टोनिथ’ असे नाव असून, ते ज्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांनी बनले आहे, त्यांत सोबत्याच्या डोक्यात गोळी घालण्याची आज्ञा निःसंदिग्धपणे दिलेली आहे.

एका मध्यरात्री आमच्याकडे हा विधी यथासांग पार पडला. दुसऱ्या यंत्राने पहिल्याची वीज तोडली, कारभार हाती घेतला, आणि ग्राहकांपैकी कोणाच्या ते ध्यानीही आले नाही. क्लस्टर ज्याकरिता उभारावयाचे, ते कार्य इतक्या निर्वेधपणे सिद्धीस गेल्यावर समाधान मानावयास हरकत नव्हती. परंतु सकाळी साहेबांचा हुकूम सुटला, की पहिले यंत्र का मेले त्याची कैफियत लॉगच्या उताऱ्यासह आजच्या आज सादर व्हावी.

लॉगची फाइल जागेवर होती. तिचे नाव बरोबर होते, मालक बरोबर होता, आणि तिचा आकार शून्य बाइट होता. ‘टेल’ ची आज्ञा देऊन मी पडद्यासमोर बसलो, तेव्हा कर्सर तेवढा एका जागी लुकलुकत राहिला. सोबत्याचे तीस सेकंदांचे मौन ज्याला देहान्त शिक्षेस पात्र वाटते, त्या प्रोग्रॅमने आमच्याशी बसवल्या दिवसापासून अवाक्षरही काढलेले नव्हते, आणि या पक्षपाताबद्दल दाद मागण्याची सोय कोठेही नव्हती.

अशा प्रसंगी सल्लागारांची वाण पडत नाही. एकाने डिस्क भरली असल्याचे छातीठोकपणे सांगितले. ती पाहता निम्मी रिकामी निघाली. दुसऱ्याने फाइलीच्या परवानग्यांवर संशय घेऊन, ती साऱ्या जगास लिहिण्यासाठी खुली करून दिली; जगाने काहीही लिहिले नाही. तिसरे गृहस्थ वयाने व अनुभवाने वडील होते, आणि त्यांनी सर्व काही बंद करून पुन्हा सुरू करण्याची सूचना केली. परंतु कालच एक यंत्र गमावलेल्या क्लस्टरचे उरलेले यंत्रही स्वहस्ते बंद करण्याचे धैर्य माझ्या अंगी नसल्याने, मी ती सविनय बाजूस ठेवली.

मग मी ‘एचए डॉट सीएफ’ ही हार्टबीटची सनद अथपासून इतिपर्यंत वाचावयास घेतली. लॉग कोणत्या फाइलीत लिहावा, याचा स्पष्ट हुकूम तीत होता. परंतु बऱ्याच ओळी ओलांडल्यावर ‘यूज लॉगडी – येस’ असा दुसराही एक हुकूम होता, आणि वरच्या टीपेत, हा हुकूम लागू असेल तर लॉगसंबंधीचे येथील हुकूम रद्द समजून ‘लॉगडी डॉट सीएफ’ ही फाइल पाहावी, असे नमूद केले होते. ती पाहिली. तीत लॉग ‘लोकल झिरो’ या खात्यामार्फत सिसलॉगकडे पाठवावा, असे होते. सिसलॉग ही एरिक ऑलमन यांनी १९८० नंतरच्या दशकात आपल्या ‘सेंडमेल’ साठी केलेली बारनिशी. तीत आलेल्या प्रत्येक निवेदनास खाते व गांभीर्याच्या आठ पायऱ्यांपैकी एक पायरी लावून त्याची रवानगी होते. आमच्या सिसलॉगच्या नियमांत ‘लोकल झिरो’ चे समस्त टपाल तिसऱ्याच एका यंत्राकडे पाठवण्याची तजवीज माझ्या पूर्वाधिकाऱ्यांनी करून ठेवली होती, आणि नंतर ते स्वतः बंगळूरला निघून गेले होते.

लॉग हरवला, असे आपण म्हणतो ते लौकिक अर्थाने. वस्तुतः संगणक काही हरवीत नाही. कोणी तरी केव्हा तरी दिलेला हुकूम, देणारा विसरला तरी, तो तंतोतंत पाळतो, आणि त्याचा बंडखोरपणा म्हणून आपण ज्यावर चरफडतो तो बहुतेक वेळा आज्ञाधारकपणाचा अतिरेक असतो. ते तिसरे यंत्र तळमजल्यावरील यंत्रशाळेत होते. पंख्यांच्या घोंघाटात व हुडहुडी भरवणाऱ्या थंडीत उभ्याने मी तो लॉग उघडला, तेव्हा पहिल्या दिवसापासूनची हकिकत तेथे तारीखवार, टापटिपीने नोंदलेली आढळली. त्या मध्यरात्रीच्या नोंदीत एवढेच होते, की दुवा तुटला, सबब नोड मृत आहे. सोबती का गप्प बसला, याविषयी एक शब्द नव्हता, असावा कसा? ते कारण एकट्या सोबत्यालाच ठाऊक, आणि जबाब घेण्यापूर्वीच त्याची वीज तोडण्यात आली होती.

उताऱ्याची नक्कल घेऊन मी वर आलो. मी खाली असताना साहेबांनी फोन लावले होते, आणि पंख्यांपुढे त्यांतला एकही मला ऐकू आला नव्हता. परिणामी या चौकशीचे काम माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याकडे सुपूर्त झाले होते. तो माझ्याच खुर्चीवर, माझ्याच पडद्यासमोर, शून्य बाइटांची ती फाइल न्याहाळत बसला होता. साहेबांची मुदत तीस सेकंदांहून उदार होती, हे मान्य केले पाहिजे. आणि मी हयात असल्याचे पाहून त्यांनी माझी खुर्ची परत देवविली; परतलेल्या यंत्रास ही सवलत द्यावी की नाही, हे हार्टबीटच्या सनदेत आधीच ठरवून ठेवता येते.