आडव्या माणसाचं दुखणं

आमच्या घरात माझ्या आडवं पडण्याला काडीची किंमत नाही. दिवाळीची साफसफाई निघाली, सासरची मंडळी येणार असली किंवा गॅसचा सिलिंडर बदलायचा असला की मी आडवा होतो, हा लौकिक मी अनेक वर्षांच्या चिकाटीने कमावलेला आहे. अशा माणसाला जे दुखणं होता कामा नये, नेमकं तेच मला झालं. उभं राहिलं की डोकं फुटायचं आणि आडवं पडलं की थांबायचं.

निमित्त हर्नियाच्या ऑपरेशनचं. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला आणि ऑपरेशन झकास पार पडलं. घरी आल्यावर सकाळी दात घासायला उभा राहिलो, तर मानगुटीपासून कपाळापर्यंत असा ठणका उठला की ब्रश तोंडात तसाच ठेवून मी बेसिन गच्च धरलं. कानात दडे, पोटात मळमळ. भिंत धरत धरत पलंग गाठला, अंग टाकलं, आणि थोड्या वेळात सगळं शांत.

"थांबलं," मी म्हणालो.

"मग उठा, चहा झालाय," बायको म्हणाली.

उठलो. पुन्हा तेच.

"अहो, आडवं असताना अजिबात दुखत नाही?"

"नाही."

"मॅच बघता येते?"

"येते."

ती पुढे काही बोलली नाही. स्वयंपाकघरात भांडी मात्र नेहमीपेक्षा जरा जास्तच वाजली.

मग निदानांचा पाऊस पडला. आईने पित्त ठरवून मोरावळा दिला आणि कपाळाला सुंठ थापली. शेजारच्या काकांनी चष्म्याच्या नंबरावर बोट ठेवलं. मलाही ते पटलं, कारण त्यात पोटात काही घ्यायचं नव्हतं. पण डोळे तपासून घ्यायचे तर खुर्चीत ताठ बसावं लागतं. अक्षरांच्या तिसऱ्या ओळीवर मी हाय खाल्ली आणि बाहेरच्या बाकावर दोन पेशंटांना उठवून लांब झालो. नवा चष्मा तेवढा पदरात पडला.

बायकोचा संशय उशीवर होता. 'उशी घ्यायची नाही, मान उचलायची नाही' असं सिस्टरने बजावलं असताना मी उशी घेऊन पेपर वाचला होता. आता तिने माझी तक्रार थेट भूलतज्ज्ञ बाईंकडे फोनवर नेली. बाईंनी उशीबद्दल काही विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच : "झोपल्यावर थांबतं का हो?" माझ्या झोपण्याविषयी इतक्या आदराने आजवर कोणी चौकशी केली नव्हती. मला भरून आलं.

दवाखान्यात त्यांनी मला आधी बसवून आणि मग झोपवून पाहिलं, ताप आणि मान तपासली, आणि सांगितलं, "पाठीतलं पाणी गळतंय." मेंदू आणि मज्जारज्जूभोवती साधारण दीडशे मिलिलिटर पाणी असतं, मेंदू त्यात तरंगतो. सुईने या पाण्याभोवतीच्या आवरणाला पडलेलं भोक बुजलं नाही तर पाणी झिरपत राहतं, आणि माणूस उभा राहिला की मेंदू खाली ओढला जातो. उशी निर्दोष होती. सपाट पडून राहिल्याने हे दुखणं टळत नाही. सुई किती जाड आणि तिचं टोक कसं, यावर बरंच अवलंबून असतं.

माझ्या दुखण्याला घराणंही मोठं निघालं. 1898 साली जर्मनीत कील इथे ऑगस्ट बिअर या सर्जनने पाठीतल्या भुलीचा प्रयोग स्वतःवर करून घेतला. सिरिंज सुईला बसेना, औषध राहिलं बाजूला आणि बिअरसाहेबांच्या पाठीतलं पाणीच वाहून गेलं. मग त्यांनी मदतनीस हिल्डेब्रांटला टोचलं, ते जमलं. त्याच्या नडगीवर हातोडा मारला तरी त्याला कळेना. रात्री दोघांनी वाईन आणि सिगार चढवले. पुढे बिअर डोकं धरून कित्येक दिवस बिछान्यात, आणि आडवं पडलं की बरं वाटतं हे त्यांनीच लिहून ठेवलं. त्यांच्या घरी भांडी वाजली का, याची नोंद नाही.

आधी उपाय मिळाले ते माझ्या स्वभावाला शोभणारे : पडून राहा, पाणी प्या, कॉफी घ्या. बायकोने कागद दोनदा वाचला. इतकं करूनही ठणका हटेना, तेव्हा 'ब्लड पॅच' ठरला. दंडातून सुमारे वीस मिलिलिटर रक्त काढलं आणि पाठीत, आवरणाच्या बाहेरच्या जागेत हळूहळू सोडलं. ते गोठून भोकावर बसतं. युक्ती 1960 सालची, अमेरिकेतल्या गॉर्मली नावाच्या सर्जनची. पाठ दडपल्यासारखी झाली. तासाभराने उठून बसलो तर डोकं जागेवर! सगळ्यांना एका पॅचने गुण येतो असं नाही, काहींना पुन्हा करावा लागतो. वर ताकीद : काही दिवस वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. सिलिंडर अर्थात बायकोनेच बदलला.

सुई न टोचताही काहींचं पाणी आपोआप गळतं. ती मंडळी मायग्रेनच्या, सायनसच्या गोळ्या खात महिनोन्‌महिने हिंडतात आणि शेवटी एमआरआयमध्ये सापडतात. तेव्हा उभं राहिल्यावर डोकं दुखून आडवं पडल्यावर थांबत असेल, तर डॉक्टरांना हे वाक्य आधी सांगा. पाठीत इंजेक्शन झालेलं असेल तर भूलतज्ज्ञांना फोन करा. ताप आला, मान आखडली किंवा आडवं पडूनही दुखणं थांबेना, तर फोनवर बोलत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.