बुडत नाही हीच अडचण

अलिबागहून मुरुडकडे निघालं की नागाव, काशीद अशा प्रत्येक किनाऱ्याच्या आसपास एक दुकान हमखास लागतं. बाहेर दोरीवर टोप्या आणि हाफ चड्ड्या, खाली बादल्या-फावडी, आणि सगळ्यांच्या वर मान काढून टांगलेला गुलाबी फ्लेमिंगो. मुंबई-पुण्याहून आंबून आलेल्या कुटुंबाची गाडी इथे थांबते. मुलाची नजर फ्लेमिंगोवर, आईची किमतीच्या चिठ्ठीवर, वडिलांची गाडीच्या डिकीकडे. घासाघीस होते, आणि सुरक्षिततेचा म्हणून जो एकमेव प्रश्न विचारला जातो तो असा: "फुटणार नाही ना?" दुकानदार म्हणतो, "नाही हो, जाड माल आहे," आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. माझं म्हणणं असं की काळजीचं कारण नेमकं तेच आहे. हवेच्या फुग्यावर बसून समुद्रात जाणाऱ्याला भोकाची जेवढी भीती, त्याहून जास्त भीती भोक नसल्याची. काठाशी फुटलेला फ्लेमिंगो गुडघाभर पाण्यात लोळागोळा होतो आणि मूल रडत बाहेर येतं. न फुटलेला फ्लेमिंगो मस्कतच्या दिशेने निघतो.

थोडं गणित करू, आर्किमिडीजच्या पलीकडचं काही लागत नाही. एक लिटर पाणी बाजूला सारलं की साधारण एक किलोचा भार उचलला जातो. माणसाचं अंग पाण्यात मुळातच जवळजवळ तरंगतं. नाक-तोंड वर ठेवायला थोडाच आधार पुरतो. खऱ्या लाइफ जॅकेटची ताकद १०० न्यूटन, म्हणजे दहाएक किलोची असते आणि ती मोठ्या माणसाला पुरते. आता दीड मीटर रुंदीचा फ्लेमिंगो घ्या. त्यात ३०० लिटरच्या वर हवा आरामात मावते. (तोंडाने फुगवणाऱ्या वडिलांच्या हिशेबात हे दोनशे फुंकर होतात, त्यातल्या विसाव्यालाच घेरी येते. मग तो पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर नेला जातो आणि शिवण तिथेच उसवते. वीस मिनिटं घेणारा पायपंप बरा.) या ३०० लिटरवर ६० किलोचा माणूस बसला की ६० लिटरच्या आसपास भाग पाण्यात जातो. उरलेला सगळा पक्षी, मानेसकट, पाण्याच्या वर. त्याला वल्हं नाही, सुकाणू नाही, पाण्यात रुतून धरेल असा तळही नाही. आहे फक्त शीड. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हा नियम त्या शिडालाही लागू आहे.

आणि वारा कुठून येतो? कोकणातल्या कोळ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, शाळेत भूगोल शिकलेल्या प्रत्येकाने ते एका मार्कासाठी पाठही केलेलं असतं. रात्री जमीन लवकर गार होते, म्हणून पहाटे आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हे मतलई. दुपारी जमीन तापते आणि वारा उलटतो, हे खारे. शिडांच्या जमान्यात होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडायच्या आणि दुपारी खाऱ्यावर घरी यायच्या. आपला पर्यटक यातलं फक्त पहिलं अर्धं पाळतो. ऊन चढायच्या आत, नाश्त्याआधी, समुद्र अगदी शांत दिसतो म्हणून तो सकाळी आठला फ्लेमिंगो घेऊन उतरतो. समुद्र शांत दिसतो तोही मतलईमुळेच: वारा पाठीमागून येत असल्याने काठाजवळ लाटा उठत नाहीत. म्हणजे पाणी जितकं गुळगुळीत, तितकं फ्लेमिंगोचं प्रस्थान सुरळीत. त्यात ओहोटी जुळून आली तर बघायलाच नको. भरतीचा जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणा. षष्ठीला ६ गुणिले पाऊण, म्हणजे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. तिथून साडेदहापर्यंत पाणी उतरत जाणार. षष्ठीच्या सकाळी आठला वारा आणि पाणी दोघंही एकाच दिशेने ढकलत असतात. बुकिंग करताना कुटुंब चेक-आउटची वेळ तीनदा विचारतं, तिथी कोणी विचारत नाही.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर ऑगस्ट २०२० मधली ग्रीसची घटना आठवून पाहा. अँटिरिओच्या किनाऱ्यावर एक चिमुरडी युनिकॉर्नच्या फुग्यावर बसली होती आणि प्रवाहाने तिला खाडीच्या मध्यावर नेलं. पलीकडे जाणाऱ्या फेरीबोटीच्या कप्तानाने बोट हळूहळू, लाट उठणार नाही अशा बेताने तिच्याजवळ नेली आणि खलाशांनी तिला वर उचललं. तो व्हिडिओ जगभर फिरला. युनिकॉर्न शेवटपर्यंत उत्तम फुगलेला होता. ब्रिटनच्या किनाऱ्यांवर म्हणूनच नारिंगी रंगाची वाऱ्याची पिशवी खांबावर चढवतात. ती फडफडत असेल तर फुगे पाण्यात न्यायचे नाहीत, असा तिचा सरळ अर्थ. आपल्याकडे तशी पिशवी नसली तरी भेळवाल्याच्या गाडीवरचा कागद असतो. तो समुद्राकडे उडाला की समजावं.

यावर पहिला आक्षेप जुन्या लोकांचा. आम्ही नाही का पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो? शिकलात, आणि त्या भोपळ्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण तो पाठीला करकचून बांधलेला असायचा, पाण्याच्या वर त्याचं जेमतेम टाळकं दिसायचं, कमरेच्या दोराचं दुसरं टोक विहिरीच्या काठावर एका खवट काकांच्या हातात असायचं. शिवाय विहिरीला ओहोटी नसते. तुलनाच करायची तर खऱ्या फ्लेमिंगोशी करावी. दर हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत, शिवडीच्या चिखलावर रोहित पक्षी हजारोंनी उतरतात आणि उथळ पाण्यात उभे राहून, मान वाकवून निमूटपणे खात असतात. लांब पाय असूनही हा पक्षी खोल समुद्राचा हट्ट धरत नाही. तो हट्ट फक्त पीव्हीसीच्या फ्लेमिंगोचा.

दुसरा आक्षेप अधिक तगडा: आम्ही खोल जातच नाही, आणि दोरी बांधतो. नागावसारख्या सपाट किनाऱ्यावर कमरेएवढं पाणी बरंच आत लागतं हे खरं. पण कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो तो बाप. फुग्याला कंबर नसते. त्याला घोटाभर पाणीसुद्धा निघायला पुरतं. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी तर पाणी ओढून नेतं, ही गोष्ट तिथला प्रत्येक नारळवाला सांगतो आणि प्रत्येक उन्हाळ्यात कोणीतरी ऐकत नाही. दोरीचं म्हणाल तर प्रश्न दुसऱ्या टोकाचा आहे. ते टोक बहुधा ओढणीला गाठ मारून एखाद्या मेहुण्याकडे सोपवलेलं असतं, आणि मेहुण्याच्या दुसऱ्या हातात मोबाइल असतो, कारण हा सगळा खटाटोप मुळात त्या फोटोसाठीच तर आहे. २०१५ मध्ये टेलर स्विफ्टने प्रचंड राजहंसावरचा फोटो टाकला तेव्हापासून ही पक्ष्यांची साथ जोरात पसरली. दोरी चांगलीच, पण ती धरणाऱ्याला फोटो काढायची बंदी हवी. ती मुलाच्या पायाला तर कधीच बांधू नये, फुग्याला बांधावी.

मग घ्यायचंच नाही का? घ्या की. पण विकत घेताना गोजिरेपणा सोडून बाकी सगळं बघा. लहान, बसकं, मान नसलेलं घ्या: साधी काखेत बसणारी रिंग फ्लेमिंगोपेक्षा कितीतरी शहाणी. हवेचे कप्पे दोन किंवा जास्त, म्हणजे एक गेला तर दुसरा राहतो. बूच उघडल्यावर हवा लगेच फुस्सकन जाऊ न देणारा आतला पडदा. कडेने धरायला दोरी. रंग नारिंगी किंवा भडक पिवळा. निळा आणि पारदर्शक फुगा समुद्रात असा मिसळतो की शोधणाऱ्याला पाणीच दिसत राहतं. मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह २०२१ पासून आपल्याकडे सक्तीचं आहे, तेही बघा, आणि खोक्यावर बारीक अक्षरात 'हे जीवरक्षक साधन नाही' अशा अर्थाचं जे छापलेलं असतं ते दुकानातच मोठ्याने वाचा. फुगा एसी खोलीत टम्म फुगवून उन्हातल्या वाळूवर ठेवू नका. खोलीच्या २५ अंशांवरून वाळूच्या ५५ अंशांवर गेलेल्या हवेचा दाब दहा टक्क्यांनी वाढतो. फ्लेमिंगोचाच हट्ट असेल तर तो हॉटेलच्या तलावात सोडा. किंवा कोरड्या वाळूवर ठेवून आजीला त्यात बसवा. इतकी मऊ आरामखुर्ची अख्ख्या किनाऱ्यावर दुसरी मिळणार नाही, आणि फोटोही तितकाच चांगला येतो.

एवढं करूनही तो सुटलाच तर पहिली उडी मारतो तो माणूस, ज्याने घासाघीस करून दीडशे रुपये कमी केलेले असतात. त्याला पैशांची हळहळ असते. पण बऱ्या वाऱ्यावरच्या रिकाम्या फुग्याचा वेग साधारण पोहणाऱ्याच्या वेगापेक्षा जास्त असतो, त्यामुळे तो दर हातागणिक काठापासून दूर जातो आणि फुग्याच्या जवळ येत नाही. प्लास्टिक समुद्रात गेल्याचं वाईट वाटायलाच हवं, पण त्या दु:खासाठी पाठीमागे पोहत जायची गरज नाही. अशा वेळी दोघांनी त्याचे दंड धरावेत आणि तिसऱ्याने जीवरक्षकाकडे धाव घ्यावी. जीवरक्षक डोळ्यांवर हात धरून त्या गुलाबी ठिपक्याकडे बघेल आणि विचारेल, "वर माणूस आहे का कोणी?" 'नाही' म्हटल्यावर तो पुन्हा खुर्चीत जाऊन बसेल. बसू द्यावं.